रिंगमास्तर आणि सासऱ्यांची लेन्स

माझ्या साडूंना सगळे रिंगमास्तर म्हणतात. सर्कशीशी त्यांचा काही संबंध नाही; सर्कस आमच्या सासरी असते. बंद पडलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांवर बसाव्यात म्हणून मधली रिंग लेथवर बनवून द्यायचा उद्योग ते निवृत्त झाल्यापासून करतात. हे नाव मी ठेवलं, आणि चांगलं खोचक म्हणून ठेवलं. त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी दारावर तशी पाटीच लावली. आता टोमणा मारणाऱ्या माणसाने करायचं तरी काय?

बायको आपण बघून, विचार करून करतो. साडू कुणी दाखवत नाही. तो पदरात पडतो, आणि जन्मभर प्रत्येक घरगुती कार्यात शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो. माझ्या पदरात पडले ते पंपांच्या कारखान्यातले, लेथवर धातू कातणारे टर्नर. एक दशांश मिलिमीटर म्हणजे तुमच्याआमच्या दृष्टीने काहीच नाही, त्यांच्या दृष्टीने तो दोन गावांमधला रस्ता. बरं, ही नजर लेथपुरती ठेवावी की नाही? एकदा एका लग्नात नवरदेवाचा हात हातात घेऊन त्यांनी अंगठी निरखली आणि ती गोल नसल्याचं त्याच्या सासऱ्यांना सांगितलं. खोटं नव्हतं ते. अंगठी खरंच गोल नव्हती. पण त्या घराने पुढच्या कुठल्याही कार्याला आम्हाला बोलावलं नाही, आम्हाला म्हणजे मलासुद्धा, आणि मी तर बिचारा फोटो काढत होतो.

त्यांचं काम मात्र सोपं नाही, हे कबूल करायला हवं. जुन्या काळी प्रत्येक कंपनीचा लेन्स अडकवायचा प्रकार निराळा. कुणाची लेन्स डावीकडे फिरवून बसते, कुणाची उजवीकडे, कुणाला आटे, कुणाला दाते. एकाची लेन्स दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर चुकूनही बसू नये, एवढ्यासाठी मोठमोठ्या इंजिनिअरांनी डोकं चालवलेलं. रिंगमास्तर आयुष्याच्या उतारावर ते सगळं निस्तरत बसलेत. नुसती लेन्स अडकून भागत नाही. मागची काच आणि कॅमेऱ्याच्या आतला सेन्सर यांच्यातलं अंतर मूळ कॅमेऱ्यात होतं तेवढंच पडावं लागतं. रिंग केसभर जाड झाली तर समोरचा माणूस स्पष्ट दिसतो, पण लांबचं जग कायमचं पुसट. म्हणून बाजारातल्या स्वस्त रिंगा मुद्दाम जरा पातळ ठेवतात. मग लेन्स अनंताच्या, म्हणजे लांबात लांबच्या अंतराच्या, खुणेच्याही पुढे जाते. अनंताच्या पुढे काय असतं, असं मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, ‘बेशिस्त.’

प्रत्येक रिंग झाली की ते गच्चीवर जातात आणि लांबच्या पाण्याच्या टाकीवर कॅमेरा रोखतात. टाकीला लोखंडी शिडी आहे. लेन्स अनंतावर लावल्यावर शिडीची पायरी न् पायरी वेगळी दिसली तर रिंग पास, नाहीतर पुन्हा लेथवर. मागच्या गॅलरीत लेथ आहे. सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या, झेरॉक्स मशीनच्या, डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कसल्याशा यंत्राच्या अशा लेन्स घरभर पडलेल्या असतात. माझी मेहुणी अंथरूण झटकते तेव्हा पितळेचा कीस किणकिणत खाली पडतो. ती म्हणते, मी दागिने मागत नाही, ते आपोआप अंगावर पडतात.

आता सासऱ्यांविषयी. त्यांचा फोटो स्टुडिओ होता, तो आज मी चालवतो. स्टुडिओ मला मिळाला, नाव नाही मिळालं. इतकी वर्षं झाली त्यांना जाऊन, अजून लोक काउंटरवर येऊन मला सांगतात, ‘तुमच्या सासऱ्यांसारखा काढा हो.’ मी हसून हो म्हणतो आणि मनातल्या मनात दात खातो. कारण त्यांच्यासारखा निघत नाही. त्यांच्या फोटोत माणसाचे डोळे स्वच्छ, जिवंत, आणि बाकी सगळी खोली हळूहळू विरघळत, गोल फिरत कडेला गेलेली. कुणाच्या गालावरचा खड्डा दिसला नाही की कुणाच्या मागची भिंत. साधी दुकानदारीण त्यांच्या फोटोत आठवणीतल्या बाईसारखी दिसायची. हौशी फोटोग्राफरांच्या क्लबात ते दरवर्षी भाषण द्यायचे. यंत्राने फोटो निघत नाही, नजरेने निघतो, असं सांगायचे. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवलेल्या आहेत.

त्यांचा सगळ्यात नावाजलेला फोटो म्हणजे सासूबाईंचा. खिडकीशी बसलेल्या, लग्नाला वर्षही झालेलं नसावं. तो फोटो पाहून पोरींनी आईला विचारायचं, आई, तू खरंच एवढी सुंदर होतीस? आणि सासूबाईंनी चिडून म्हणायचं, ‘होते म्हणजे? तुझ्या बापाला विचार.’

सासरे गेल्यापासून सासूबाईंनी कुणाला फोटो काढू दिला नाही. ओळखपत्रासाठी एकदा नाइलाजाने माझ्यासमोर बसल्या, प्रिंट पाहिली आणि ती काउंटरवर पालथी ठेवली. एवढ्या वर्षांच्या धंद्यात मला याहून स्पष्ट अभिप्राय मिळालेला नाही.

अशा सासूबाईंनी एका दुपारी आम्हा दोन्ही जावयांना बोलावून घेतलं. टेबलावर रुमालात गुंडाळलेली सासऱ्यांची लेन्स होती. आतला कापडी पडदा कुजून कॅमेऱ्याचं कधीच भंगार झालं होतं, ते मॉडेल काढणारी कंपनीही राहिली नव्हती. लेन्स तेवढी उरली होती. तिला मागे तीन दाते, तिन्ही वेगवेगळ्या रुंदीचे. अशा दात्यांचा दुसरा कॅमेरा जगात कुणी केला नाही.

सासूबाई म्हणाल्या, ‘या लेन्समधून माझा एक फोटो काढा. मी गेल्यावर भिंतीवर तोच लावायचा. यांनी मला जशी पाहिली तशी मला एकदा परत दिसायचंय. मग माझं काहीही होऊ दे.’

त्यांच्या तोंडून असं काही कुणी ऐकलं नव्हतं. दोघी लेकी दाराशी उभ्या होत्या, त्यांचे डोळे भरून आले. आणि भरलेल्या डोळ्यांनीच त्यांनी आम्हा दोघांकडे असं पाहिलं की हे बिघडवलंत तर घरी येऊ नका. रिंगमास्तरांनी लेन्स खिशात टाकली. दाते वेगळ्या रुंदीचे आहेत हे पाहून त्यांचा चेहरा उजळला होता.

रिंग त्यांनी फार सुंदर केली. पितळेची, आतून काळी, दाते असे काही बसतात की बसताना आवाजसुद्धा होत नाही. पण गच्चीवर गेल्यावर शिडी दिसेना. टाकी दिसे, शिडीच्या जागी मात्र एक राखाडी धूसर पट्टा. त्यांनी रिंग घासून पातळ केली, मग दुसरी नवीन केली, मग तिसरी. जेवणावरून लक्ष उडालं. मेहुणी माझ्या बायकोला फोन करून सांगू लागली की हे झोपेतसुद्धा अंतर मोजतात. मी मनात म्हटलं, चला, या माणसालाही काहीतरी अडलं म्हणायचं.

एके दिवशी सकाळीच ते माझ्या स्टुडिओत हजर. कॅमेरा माझ्या हातात दिला, पडद्यावर टाकीचा फोटो. शिडी तर होतीच, शिडीवर बसलेल्या कावळ्याची चोचही दिसत होती. लेन्स आतून जरा साफ केली, एवढंच ते म्हणाले. ते एवढंच म्हणतात तेव्हा काहीतरी असतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी दिव्यांच्या विचारात होतो.

फोटो मी काढला. तीच खिडकी, तसाच सकाळचा उजेड. सासूबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती आणि केस दोनदा विंचरले होते. प्रिंट मी जातीने करून आणली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिली. फोटो अगदी स्वच्छ होता. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती होती, मागचं लोखंडी कपाट होतं, कपाटाचं कुलूप होतं, कुलपाच्या भोकाभोवतीचे चावीचे ओरखडे होते.

‘चांगला आहे,’ त्या म्हणाल्या. ‘बँकेत द्यायला.’

मग त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

त्यानंतर आमच्यावर जो काही तोंडाचा पट्टा सुटला तो सांगण्यासारखा नाही. माझी बायको म्हणाली, बाबांचीच लेन्स, बाबांचीच खिडकी, मग चुकलं कोण? उत्तर तिने स्वतःच दिलं. रिंगमास्तर शांतपणे चहा पीत म्हणाले, प्रकाश जरा कडक पडला असेल. म्हणजे मी. माझं डोकं असं सणकलं की मी त्यांना हाताला धरून जिन्यात नेलं आणि लेन्सचं काय केलंत ते सांगा म्हणालो.

त्यांनी सांगितलं. लेन्सची सगळ्यात पुढची काच उलटी बसवलेली होती. एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने जवळजवळ सपाट अशी ती काच. फुगीर बाजू बाहेर हवी, ती आत होती. त्यामुळे जवळचं, मधलं तेवढं नीट दिसे आणि लांबचं, कडेचं सगळं विरघळे. त्यांनी ती सरळ केली. म्हणाले, ‘सासऱ्यांचा हात वगैरे काही नाही. कुणा कारागिराची बसवण्यातली चूक होती. एवढी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नाही.’

खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नजरेने निघतो म्हणे फोटो! माझ्यासारखा साधाच फोटोग्राफर, आणि काच उलटी. क्लबातल्या सगळ्या टाळ्या मला परत मागून घ्याव्याशा वाटल्या. जिन्याच्या दोन पायऱ्या मी अगदी हवेत उतरलो. तिसऱ्या पायरीवर सासूबाईंचं बंद दार आठवलं आणि मी कठडा धरून थांबलो. ती म्हातारी बाई जन्मभर एका फोटोच्या जिवावर समजत आली की नवरा आपल्याला तसं पाहत होता. तिला आता सांगायचं की बाई गं, ती नजर नव्हती, तो कारागिराचा गलथानपणा होता?

मी हात जोडले. म्हणालो, साडूभाऊ, काच गपचूप परत उलटी करा, मी फोटो परत काढतो, त्यांना हवं ते मिळेल, विषय संपला. तोंडातून एक शब्द काढू नका. ते विचारात पडले. चुकीची काच बसवायला त्यांची हरकत नव्हती. गिऱ्हाइकाला चुकीची हवी तर चुकीची. पण चुकीची आहे हे गिऱ्हाइकाला माहीत असलं पाहिजे. न सांगता त्यांनी आयुष्यात एकही वाकडा भाग कारखान्याबाहेर जाऊ दिला नव्हता. मी म्हटलं, अहो, गिऱ्हाईक नाही ते, सासू आहे. त्यावर ते म्हणाले, मग तर सांगायलाच हवं. आता या माणसापुढे डोकं आपटायचं की कॅमेरा?

दुसऱ्या दिवशी ते निघाले, आणि मी त्यांना अडवायला म्हणून बरोबर गेलो. अडवलं काहीच नाही. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. रिंगमास्तरांनी लेन्स समोर ठेवली आणि प्रस्तावना न करता सगळं सांगून टाकलं: पुढची काच, फुगीर बाजू, सपाट बाजू, उलटी, सरळ. माझी नजर जमिनीवर. आता या बाईचं काय होतं, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता.

‘ठाऊक आहे मला,’ सासूबाई म्हणाल्या. ‘मीच बसवली होती.’

मग त्यांनी सांगितलं, आमच्याकडे न बघता, खिडकीबाहेर बघत. नवीन लग्न झालेलं. सासरे कुठेसे बाहेरच्या कामाला गेले होते. कॅमेरा घरी होता आणि लेन्सच्या आत धुळीचा कण दिसत होता. नवऱ्याला खूश करावं म्हणून सासूबाईंनी कात्रीच्या टोकाने काच धरणारी पुढची कडी फिरवली. काच सुटून गादीवर पडली. फुटली नाही, पण कुठली बाजू बाहेर होती ते आठवेना. अंदाजाने बसवली. नवरा परत आला आणि त्याच दिवशी त्याने बायकोला खिडकीशी बसवून फोटो काढला. डार्करूममधून बाहेर आला तो ओली प्रिंट घेऊन, आणि म्हणाला, बघ मला काय जमलं.

‘एवढं हसू मी त्यांच्या तोंडावर आधी बघितलं नव्हतं,’ त्या म्हणाल्या. ‘आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. मग लोक नावाजायला लागले. हे क्लबात भाषणं करायला लागले. मग कुठल्या तोंडाने सांगणार? ते बोलायला उभे राहिले की मी खाली मान घालून बसायचे. लोकांना वाटायचं, लाजतेय.’

आता यानंतर कुठल्याही शहाण्या माणसाने दोन मिनिटं गप्प बसावं. मी बसलो. रिंगमास्तरांनी खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि लेन्सची कडी उजेडात धरून फिरवू लागले. मी त्यांना पायाने ढोसलं. त्यांनी पाय बाजूला घेतला.

त्यांनी विचारलं, ही लेन्स कधी कुठल्या कारागिराकडे दिली होती का. सासूबाई म्हणाल्या, छे, कारागीर कसला, ते तिला दुसऱ्याचा हात लागू देत नसत.

‘मग त्यांनीच उघडलीय,’ रिंगमास्तर म्हणाले. ‘कात्रीचा ओरखडा आहे, तो एकच. त्यावर लेन्स उघडायच्या योग्य चावीच्या खुणा आहेत, आणि त्या पुष्कळ वेळच्या. मला वाटलं होतं कुणी कारागीर असेल. दर काही वर्षांनी काढून साफ करत असणार, म्हणून तर आत बुरशी नाही. काच हातात घेतली की फुगीर बाजू कुठली ते बोटांनाच कळतं. त्यांना दिसलं असणार. आणि प्रत्येक वेळी त्यांनी ती तुम्ही बसवली तशीच परत बसवली.’

मला वाटलं, आता त्या रडणार, आणि खरं म्हणजे माझेच डोळे भरून आले होते. ज्या माणसाचा मी एवढी वर्षं दुस्वास केला त्याला दंडवत घालावासा वाटला. बायकोच्या चुकीवर याने जन्मभराचं नाव कमावलं आणि तिची चूक तिला कधी दाखवली नाही; उलट भर सभेत त्या चुकीलाच आपली नजर म्हटलं.

सासूबाईंनी हे सगळं असं घेतलं नाही.

‘म्हणजे त्यांना माहीत होतं,’ त्या म्हणाल्या.

‘होतं.’

‘पहिल्यापासून?’

‘पहिल्यांदा साफ केली तेव्हापासून तरी.’

‘आणि मी इकडे जन्मभर जीव मुठीत धरून जगले.’ त्यांचा आवाज चढला. ‘लेन्सला हात लावला की माझ्या छातीत धस्स व्हायचं. कुणी फोटोचं कौतुक केलं की मी चहा टाकायला आत पळायचे. आणि हा माणूस तिकडे उभा राहून नजर नजर करत होता, माझ्याकडे बघून हसत होता! मला वाटायचं प्रेमाने हसतोय.’

प्रेमानेच हसत असतील, असं मी हळूच म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी खुर्चीसकट मागे सरकलो. स्वतः लपवलं त्याचं काय, हे विचारायची माझी छाती नव्हती. रिंगमास्तरांची होती, ते तोंड उघडणारही होते, पण नशीब बलवत्तर, सासूबाईच आधी बोलल्या.

‘बसवा उलटी,’ त्या म्हणाल्या. ‘आत्ता. माझ्यासमोर.’

रिंगमास्तरांनी खिशातून चावी काढली, कडी फिरवली, काच रुमालावर घेतली आणि उलटी करून बसवली. गिऱ्हाइकाला माहीत होतं. मी कॅमेऱ्यावर त्यांची रिंग चढवली, रिंगेवर लेन्स. सासूबाईंनी केस विंचरले नाहीत, साडी बदलली नाही. मी नेहमीच्या सवयीने म्हणालो, आई, जरा हसा. त्या हसल्या नाहीत. समोरच्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे, तिकडे त्यांनी नजर लावली आणि म्हणाल्या, काढा.

फोटोत कपाट नाही, कुलूप नाही, सुरकुत्याही फारशा नाहीत. सगळी खोली विरघळत, गोल फिरत कडेला गेली आहे आणि मधोमध दोन डोळे आहेत, जळजळीत. असा फोटो मी जन्मात काढला नव्हता. सासऱ्यांसारखा निघाला, असं मला वाटलं. पण सासऱ्यांनाही असा कधी निघाला नसेल, कारण त्यांच्यासमोर त्या अशा कधी बसल्याच नव्हत्या.

दोघी लेकींनी तो पाहिला आणि त्या हबकल्याच. असला रागीट फोटो भिंतीवर कसा लावायचा, लोक काय म्हणतील, आई, आपण एक हसरा काढू. रिंगमास्तरांनी त्यांना कडेची धूसरता समजावून सांगायला घेतली, ती कुणी ऐकली नाही. सासूबाईंनी प्रिंट हातातून सोडली नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि पुन्हा पाहिली. आता त्या रडत होत्या, पण आवाज तोच, चढलेला.

‘हाच लावायचा,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांच्या फोटोच्या बरोब्बर समोर. मी गेल्यावर काय म्हणून थांबायचं, आजच लावा. बघू दे त्यांना.’